डावी भुवई

मोरपंखी साडी पलंगावर काढून ठेवली होती, पण शैला काही ती नेसली नाही. साडी नेसून गेलं म्हणजे ओवशाचं सूप घ्यायलाच आली, असं धाकटी बहीण हिरा म्हणणार. आणि सूप मिळालंच नाही तर? ती साडी अंगावर घेऊन परतीच्या रिक्षात काय तोंड करून बसायचं? त्यापेक्षा नेहमीची पांढरी पॅन्ट, रेशमी शर्ट, गळ्यात मोत्यांचा सर आणि काळा चष्मा बरा. ऐंशी उलटलेल्या बाईनं असं फिरावं का, असं बेव्हर्ली पार्कातल्या बायका आपसात म्हणायच्या. म्हणोत बापड्या.

मग ती आरशासमोर बसली आणि तिनं भुवया काढल्या. काढल्या म्हणजे अक्षरशः काढल्या, कारण तिला भुवया नव्हत्याच. अमेरिकेत गेल्या गेल्या स्टुडिओतल्या मेकअपवाल्यानं एका सकाळीत त्या उपटून टाकल्या, त्या जागी पेन्सिलीनं दोन बारीक कमानी ओढल्या आणि डावी कमान मुद्दाम जरा वर चढवली. ‘ही तुझी ओळख,’ असं तो म्हणाला. खऱ्या भुवया नंतर कधी उगवल्याच नाहीत. चढलेली डावी भुवई मात्र पोस्टरवर गेली, मासिकांच्या मुखपृष्ठांवर गेली, गावोगावच्या थेटरांच्या भिंतींवर गेली. म्हसकरांची शैला तिकडे ‘शायला’ झाली, कारण त्या लोकांच्या जिभेला शैला वळेना.

काय काय झाली ती तिथे! वाळवंटातली राणी, इजिप्तची राजकन्या, कुठल्याशा बेटावरची नर्तकी. एकदा तर डोक्याला पिसं लावून घोड्यावरही बसवली. एवढ्या सिनेमांत हिंदुस्थानची बाई तेवढी ती कधी झाली नाही. मुंबईला काकांकडे टायपिंग शिकायला आलेली मुलगी, शूटिंग बघायला गर्दीत उभी काय राहते, आणि परदेशी दिग्दर्शकाचं बोट नेमकं तिच्यावर काय येतं! नशीब एकेकदा वेड्यासारखं वागतं, हेच खरं. टेकडीवर बंगला होता, दारात लांबलचक मोटार होती. मग जमाना पालटला, राण्या-राजकन्यांचे सिनेमे पडायला लागले आणि फोन वाजायचा थांबला. तिकडेही ती बेव्हर्लीतच राहायची आणि आता मीरा रोडलाही बेव्हर्लीतच, फक्त टेकडीच्या जागी तिसऱ्या मजल्यावरचं वन रूम किचन आलं.

“आंटी, मोरवा गाँव के अंदर नहीं जाऊंगा, नाके पे छोडूंगा,” रिक्षावाला म्हणाला.

“नाके पे नहीं, बिल्डिंग के गेट पे. घुटना देख मेरा.”

“अरे आंटी, अंदर गणपती का मंडप है ना!”

“तो बाप्पा को बोल, मैं आ रही हूँ,” शैला म्हणाली आणि चढून बसली. जीभ अशी तिखट चालली की समजावं, बाई आतून घाबरलीय.

घाबरायला कारण होतं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दर वर्षी ती उत्तमकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे, दर्शनाला जायची. मोदक खायची आणि गौरी यायच्या आत परत फिरायची. गौरीला थांब, असं तिला कधी कुणी म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. यंदा मात्र उत्तमच्या नातवाच्या, अथर्वच्या बायकोनं स्वतः फोन केला होता. “आत्याआजी, यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर आलीय, तशी आली तरच नव्या सुनेचा ओवसा होतो. माझा पहिला ओवसा आहे. तुम्ही यायचंच.”

पोरगी चिपळूणकडची, स्वप्नाली नाव. तिला काय माहीत, आपण काय बोलून बसलो ते. ओवशाला नव्या सुनेच्या माहेराहून सुपं येतात. फळं, नारळ, विडा, हळदकुंकू घालून भरलेली ती सुपं सून गौरीपुढे ओवसते, म्हणजे ओवाळते, आणि मग घरातल्या थोरल्या बायकांच्या पदरात एकेक घालते. ज्या बाईच्या पदरात सूप पडलं ती घरातली. न पडलं ती पाहुणी. इतका साधा हिशोब आहे तो. उत्तमची बायको सुलू सून म्हणून आली तेव्हा शैला समुद्रापार होती. सुलूच्या मुलाची, अमोलची मिनल आली तेव्हा शैला मुंबईत असून तिला कळवलं नव्हतं. आजवर तिच्या हातात माणकं-मोत्यांचे राजमुकुट आले, फुलांचे गुच्छ आले. सूप काही आलं नाही.

आणि गौरीच्या दिवसाची एक जुनी जखमही होती. अमेरिकेतून कायमची परतली तेव्हा ती विमानतळावरून तडक गावी गेली होती. टॅक्सी दारात उभी राहिली तो नेमका गौरीपूजनाचा दिवस. बाबा उंबऱ्यात आले. म्हणाले, “आमच्या घरी गौर येऊन बसलीय. दुसऱ्या कुणाला जागा नाही.” त्यांच्या खांद्यावरून तिला आतली आई दिसली. आरतीचं ताट हातात, पाठ दाराकडे, नजर गौरीवर. आईनं मान वळवली नाही. बाबांचं बोलणं शैला कधीच विसरली असती. बाबा तसेच होते. पण आईनं एकदाही मान वळवली नाही, हे तिनं पुढे किती रात्री उशाशी घेतलं, त्याला गणती नाही. त्यानंतर आई तिला दिसली नाही. गेल्याचंही महिन्यानं कळलं.

गेटवर रिक्षा थांबली. लिफ्टमध्ये शेजारच्या हंसाबेन भेटल्या, हातात पेढ्यांचा बॉक्स.

“आवो शैलाबेन! दर साल दर्शन करती हूँ, आप के भाई की गौरी तो एकदम हिरोईन छे!” त्या म्हणाल्या.

शैला नुसती हसली. तिनं ती गौर कधी पाहिलीच नव्हती.

दार सताड उघडं होतं आणि आत कुणीतरी हमसून रडत होतं. हंसाबेननी पेढे दाराशीच मिनलच्या हातात ठेवले आणि शहाण्यासारख्या मागच्या मागे गेल्या. हिरव्या शालूतली स्वप्नाली जमिनीवर बसून रडत होती, मिनल तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि सोफ्यावर हिरा बसली होती. शैलाची पाठची बहीण. काशीगावाहून पहाटेच आलेली, नऊवारी, कपाळभर कुंकू. तिनं शैलाकडे पाहिलं, पॅन्टीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. बहिणीला ती हाक मारत नसे. ‘अक्का’ हा शब्द तिनं बासष्ट सालीच टाकून दिला होता.

“काय झालं गं?” शैलानं विचारलं.

“वाइप, आत्या,” मिनल म्हणाली. “मेकअप काढायचे ओले कागद असतात ना, ते. हिला वाटलं गौरीच्या तोंडावर धूळ आहे. हिनं पुसलं आणि रंगच आला हातात.”

“मी हळूच पुसलं हो आजी!” स्वप्नालीला बोलवत नव्हतं. “मला वाटलं, छान दिसेल. डावी भुवई… पूर्ण गेली.”

गौरीच्या तोंडावर सुलूनं पातळ रुमाल टाकून ठेवला होता. आजारी माणसाला झाकावं तसा. साडी, दागिने, वेणी सगळं जिथल्या तिथे, आणि वर रुमाल. समोर भरलेली सुपं ओळीनं तशीच पडलेली.

“ओवसा होणार नाही,” हिरा म्हणाली. “गौर विद्रूप केली पोरीनं. अपशकुन तो अपशकुन.”

“अगं हिरे, पूर्वा पुन्हा कधी येईल, कोण सांगणार?” उत्तम खुर्चीतून म्हणाला. शहात्तरीचा झाला तरी दोन बहिणींपुढे तो अजून धाकटाच होता.

“येईल तेव्हा येईल. घाई कुणाला आहे? आईच्या काळापासूनचा मुखवटा! पुसायचा वाइपनं! पार्लर आहे का हे?”

“पप्पा, काजळ लावलं तर?” अथर्वनं अमोलला हळूच विचारलं.

“गप रे. काजळ ओघळतं,” अमोल म्हणाला.

इतका वेळ सुलू ओट्यापाशी पुरणपोळ्यांवर तूप सोडत होती. ती बाहेर आली, पदराला हात पुसले आणि सरळ शैलासमोर उभी राहिली. “वन्सं, तुमच्या पर्समध्ये पेन्सिल असेल ना? भुवईची?”



“त्या पेन्सिलीनं?” हिरा ताडकन उठली. “सुलू, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ज्या रंगानं हिनं घराचं तोंड काळं केलं, तोच रंग गौरीच्या तोंडाला?”

“हिरे, सणाच्या दिवशी…” उत्तम पुटपुटला.

“सणाच्या दिवशीच बोलणार! मला तीन स्थळांनी नाकारलं, उत्तम. तुला आठवत नसेल, तू चड्डीत होतास. एक तर साखरपुड्याचं ताट उलटं घेऊन गेले. का? तर थोरल्या बहिणीनं पडद्यावर गोऱ्या माणसाचा मुका घेतला! तालुक्याच्या थेटरात अख्ख्या गावानं पाहिलं. मुका हिनं घेतला आणि बिजवर माझ्या वाट्याला आला. सवतीची दोन पोरं सांभाळली मी, अठराव्या वर्षी!”

शैलानं काळा चष्मा काढला. “मला हे कुणी सांगितलं नाही, हिरा.”

“कोण सांगणार? राणीसरकार होतीस तू!”

“राणी कसली? सकाळी सहाला उठवायचे, रंगवायचे, उभं करायचे. बोल म्हटलं की बोलायचं. रोज रात्री वाटायचं, आत्ता उठावं आणि घरी जावं. मग वाटायचं, कुठल्या तोंडानं? आणि तोंडही माझं उरलं नव्हतं, त्यांनीच काढून दिलेलं ते.” तिनं पर्स सावरली. “मी आज काही मागायला आलेले नाही. मी जाते.”

खोटं बोलली. मागायलाच आली होती. ओळीतल्या शेवटच्या सुपावरची तिची नजर आल्यापासून हलली नव्हती, आणि सुलूनं ते कधीच हेरलं होतं.

ती वळली तशी स्वप्नाली उठली. नाक ओढलं, डोळे पुसले आणि दाराच्या मधोमध उभी राहिली. “माझ्या हातून गेलीय ना भुवई? मग ती कुणी काढायची ते मला सांगू दे. आत्याआजी काढतील.”

“वा! नवी नवरी आम्हाला शिकवणार!” हिरा म्हणाली.

“शिकवत नाहीये हो. पण ओवसा माझा आहे, हिराआजी. माझ्या आईनं चिपळूणहून सुपं पाठवलीत. ती मी परत नाही नेणार.”

“बरोबर बोलतेय ती,” मिनल एकदम म्हणाली. एरवी हिराआत्यापुढे ‘हो’च्या पलीकडे तिची मजल जात नसे. अमोल बायकोकडे बघतच राहिला.

सगळ्यांच्या नजरा उत्तमकडे गेल्या. उत्तमनं भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं. जन्मभर तो प्रत्येक निर्णयाआधी तिकडे पाहत आलेला. यावेळी मात्र त्यानं नजर खाली घेतली आणि म्हणाला, “काढ, अक्का.”

शैला गौरीपुढे पाटावर बसली. गुडघा कुरकुरला. सुलूनं रुमाल उचलला आणि शैला गौरीला पहिल्यांदा समोरासमोर भेटली. शाडूचा जुना मुखवटा, गालांवर लाली, हनुवटीला हलकी खळी. भुवईच्या जागी फिकट पट्टा. तेवढ्यानं चेहरा पोरका दिसत होता. रोज सकाळी आरशात ती हेच बघायची.

“उजवीसारखी काढ,” मागून हिरा म्हणाली. लांब जाऊन बसवेना तिला. “वेडंवाकडं नको.”

शैलानं पेन्सिल टेकवली. एकदा टेकवल्यावर मग तिला विचार करावा लागलाच नाही. हात सवयीनं चालला. नाकापासून निघाला, हळूहळू चढला, टोकाला पोचून बारीक झाला आणि थांबला. एका दमात.

“चुकलीस!” हिरा ओरडली. “बघ, उजवीपेक्षा वर गेली! मी म्हटलं होतं…”

शैलाही दचकली. खरंच की. भुवई वर चढली होती. सवयीचा हात, दुसरं काय. देवीच्या तोंडावर आपण पोस्टर काढून बसलो! ती रुमालाकडे हात नेणार तोच सुलूनं तिचं मनगट धरलं.

“पुसू नका. अथर्व, गेल्या वर्षीचा फोटो काढ गौरीचा. दाखव सगळ्यांना.”

अथर्वनं मोबाईल चाळला. फोटो सापडला, त्यानं तो मोठा केला आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं मोबाईल उत्तमच्या हातात दिला. उत्तमकडून तो अमोलकडे गेला, मिनलकडे गेला, हिराकडे गेला. गेल्या वर्षीच्या गौरीची डावी भुवई उजवीपेक्षा वर होती. नेमकी एवढीच. टोकाला अशीच बारीक.

“तू… ही गौर कधी पाहिली होतीस?” उत्तमनं विचारलं.

“नाही रे. आज पहिल्यांदा.”

“मग कशी जमली?”

 शैला गौरीकडे बघत होती. भुवई आली आणि चेहरा पुरा झाला. हनुवटीची खळी, वरच्या ओठाचा तो बाक. लहानपणी आई तिच्या अशाच खळीत बोट टेकवून तीट लावायची.

सुलू खाली बसली. “सासूबाईंचं माहेर पेणचं. भाऊ गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. वन्संचं पोस्टर गावात लागलं तेव्हा मामंजींनी ते फाडून चुलीत घातलं. त्यातला तोंडाचा तुकडा सासूबाईंनी बाजूला काढला आणि भावाकडे दिला. म्हणाल्या, गौर घडव, अशीच घडव. पदराखाली झाकून मुखवटा आणला घरी. जायच्या आधी मला सगळं सांगितलं.”

“आणि तू इतकी वर्षं गप्प बसलीस?” उत्तमचा आवाज चढला.

“मग काय करणार? हिरावन्संनी मुखवटा विहिरीत टाकला असता. आणि तुम्ही फोटोकडे बघत बसला असता.” सुलूनं हे अगदी शांतपणे सांगितलं. “सासूबाई म्हणायच्या, माझी थोरली उंबऱ्यातून येऊ शकत नाही, मग गौर होऊन सुपातून येऊ दे. लेक माहेरी येतेच गं, कशी येते ते कुणी बघू नये.”

“म्हणजे बाबा…” उत्तमला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. “बाबा दर वर्षी हिच्याच पायावर डोकं ठेवायचे! सोवळं नेसून! गौर येऊन बसलीय, दुसऱ्या कुणाला जागा नाही म्हणाले होते ना?”

शैलाला पुन्हा तो उंबरा दिसला. हातात आरतीचं ताट धरलेली आई दिसली. पाठमोरी, नजर गौरीवर. आईनं मान वळवली नव्हती. वळवायची गरजच नव्हती तिला, ती शैलाकडेच बघत होती. सगळा जन्म शैला त्या पाठमोऱ्या बाईवर रुसून बसली होती! “आई गं,” ती म्हणाली, आणि ऐंशी उलटलेली ती देखणी बाई लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. हातानं डोळे पुसताना पेन्सिलीच्या भुवयांची काळी रेघ गालावर उतरली. कुणी तिला थांबवलं नाही.

हिरा मात्र भिंतीशी ताठ उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. गौर आली की दर वर्षी पहिलं कुंकू तीच लावायची, आईनं तो मान तिला दिला होता. कुणाच्या कपाळावर लावत होतो आपण, ते तिला आत्ता कळत होतं. तिच्या मनात राग होता की दुसरं काही, ते तिच्या चेहऱ्यावरून तरी कळेना.

“चला गं,” सुलू म्हणाली. “गौर खोळंबलीय.”

स्वप्नालीनं शालू सावरला. पहिलं सूप गौरीपुढे ओवसलं आणि ठेवलं. आजेसासू म्हणून सुलूच्या पदरात एक घातलं, सासू म्हणून मिनलच्या पदरात एक. मग ती थांबली. दोन आत्याआज्या समोर होत्या आणि आधी कुणाकडे जावं ते तिला उमजेना. हिराचा मान, तो चुकवला तर घरात महाभारत. ती सूप घेऊन हिरापुढे वाकली.

हिरानं पदर पुढे केला नाही.

“हिराआजी?”

“आमच्याकडे थोरलीला आधी देतात,” हिरा खेकसली. “एवढंही शिकवलं नाही का चिपळूणला?”

स्वप्नाली वळली आणि शैलापुढे वाकली. शैलानं हात पुढे केले, मग एकदम मागे घेतले. सूप पदरात घ्यायचं असतं. रिकाम्या हातात घेत नाहीत, हे तिला आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत होतं. तिनं आपल्या रेशमी शर्टाकडे पाहिलं, पॅन्टीकडे पाहिलं. पलंगावरची मोरपंखी साडी आठवली. पदरच नव्हता तिला.

“सुलू, एखादी ओढणी…” ती कसनुसं म्हणाली.

हिरा पुढे आली. बहिणीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. आपल्या नऊवारीचा पदर तिनं ओढून मोकळा केला आणि शैलाच्या दोन्ही हातांवर पसरला.

“घाल गं सूप,” ती स्वप्नालीला म्हणाली. मग शैलाकडे न बघता, “आणि नीट धर, अक्का. जड असतं ते.”